आई-बाबांना स्मार्टफोन शिकवताय? मग फोन त्यांच्याच हातात राहू द्या

दिवाळीत मुलगा घरी येतो, आईसाठी नवा स्मार्टफोन आणतो, एका संध्याकाळी सगळं ‘सेट’ करून देतो आणि भाऊबीज झाली की परत जातो. जाताना सांगतो, ‘सोप्पं आहे गं, वापरत राहा.’ त्यानंतर आई त्या फोनवर फक्त आलेला कॉल घेते, तोही दोनदा कट झाल्यावर. मग कुणीतरी तिला आमच्याकडे पाठवतं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी मुलुंडला ज्येष्ठ नागरिक संघात फोन शिकवायला बसते, आणि अशा खूप आया (आणि त्यांच्याहून जास्त अडून बसणारे बाबा) समोर येतात.

हा लेख पहिल्यांदाच शिकवायला बसणाऱ्यांसाठी आहे. मग ते घरच्या आईबाबांना शिकवणार असोत, शेजारच्या काकूंना किंवा संघातल्या गटाला. फोनमुळे म्हातारपण सुखाचं होतं की दुःखाचं, यावर लोक तावातावाने भांडतात. माझा निकष साधा आहे: नवी सोय सुरू केल्यावर त्या माणसाच्या हातात काही आलं, की होतं तेही गेलं? आईला खात्यातली शिल्लक स्वतः बघता आली तर हातात आलं. मुलाने सगळे पासवर्ड आपल्याकडे ठेवून ‘तुला काय करायचंय, मी बघतो’ म्हटलं तर गेलं. ॲप दोन्हीकडे तेच असतं.

संशोधनही साधारण याच वाटेने जातं. ‘नेचर ह्युमन बिहेव्हिअर’ या नियतकालिकात २०२५ साली एक मोठा आढावा आला. त्यात ५७ अभ्यास आणि चार लाखांहून जास्त माणसांची माहिती एकत्र केली होती. पन्नाशीच्या पुढच्या ज्या लोकांचा कॉम्प्युटर, इंटरनेट, मोबाइल यांच्याशी रोजचा संबंध होता, त्यांच्यात स्मरणशक्ती आणि आकलन घसरण्याचं प्रमाण कमी दिसलं. फोनमुळेच डोकं शाबूत राहिलं असं यातून सिद्ध होत नाही. ज्याचं डोकं शाबूत आहे तोच फोन जास्त वापरणार, हेही खरंच. पण ‘स्क्रीनने म्हाताऱ्यांची बुद्धी गंजते’ असं छातीठोक सांगणाऱ्यांनी जरा थांबावं, इतकं नक्की.

पहिली पायरी: कशासाठी हवाय ते विचारा

पहिल्या दिवशी फोन उघडूच नका. चहा घ्या आणि विचारा, यात तुम्हाला काय जमलं तर बरं वाटेल? उत्तरं आपल्या अंदाजापेक्षा वेगळी येतात. आपण धरून चालतो की आईला नातवाचा व्हिडिओ कॉल हवा असणार. लालबागहून मुलाकडे मुलुंडला राहायला आलेल्या एक आजी मला म्हणाल्या, ‘ताई, नातू घरातच आहे, त्याला काय बघायचं? मला आमच्या चाळीतल्या बायकांशी बोलायचंय.’ जुनी चाळ पाडली, पुनर्विकास सुरू झाला, बिऱ्हाडं भाड्याच्या घरांत कुणी कल्याणला, कुणी विरारला पांगली. गॅलरीत उभं राहून होणाऱ्या गप्पा बंद झाल्या. त्या आजींना आधी कॉन्टॅक्टमध्ये फोटो लावायला शिकवलं, मग ग्रुप कॉल. बाकी काही शिकायची त्यांना घाई नव्हती.

त्यांनी सांगितलेल्या गोष्टींतल्या दोन किंवा तीन निवडा. तेवढीच चिन्हं पहिल्या स्क्रीनवर ठेवा, बाकीची आत ढकला. दुकानातून फोनबरोबर आलेले गेम, खरेदीची ॲप, बातम्यांची खिडकी काढून टाका. बऱ्याच फोनमध्ये मोठ्या चिन्हांचा ‘इझी मोड’ किंवा ‘सिंपल मोड’ असतो. तो त्यांना दाखवा आणि हवा का ते विचारा. काहींना त्याचा राग येतो. एक निवृत्त हेडमास्तर मला म्हणाले होते, ‘बालवाडीचा फोन नको.’ त्यांचं ऐकलं.

दुसरी पायरी: डोळे, कान, बोटं

‘आईला कळत नाही’ म्हणून जे सोडून दिलं जातं, त्यातलं बरंचसं दिसणं, ऐकू येणं आणि स्पर्श यांत अडकलेलं असतं. इथे घाई करू नका.

बोटांपासून सुरुवात. वय वाढलं की बोटांची त्वचा कोरडी होते आणि टचस्क्रीनला कोरडं बोट नीट जाणवत नाही. मग माणूस जोर लावतो, दाबून धरतो. दाबून धरलं की फोनला वेगळाच हुकूम मिळतो: चिन्ह हलतं, पुसायचं का असं विचारतो, नको तो मेनू उघडतो. आजींना वाटतं, आपण काहीतरी बिघडवलं. एकदा शेजारी बसून फक्त त्यांचं बोट बघा. टेकून उचलायला लागणारा वेळ आपल्यापेक्षा चांगलाच जास्त असतो. यावर उपाय फोनमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’त जा, ‘टच अँड होल्ड डिले’ शोधा आणि तो ‘लाँग’ करा. फोनच्या कंपनीप्रमाणे जागा थोडी बदलते, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘टच’ लिहून बघा. हात थरथरत असेल तर लागोपाठ लागलेले स्पर्श दुर्लक्षित करायची सोयही काही फोनमध्ये असते. बसण्याआधी हाताला थोडं क्रीम लावून पुसून घेतलं तरी फरक पडतो. काचेवरचा जाड, स्वस्त स्क्रीनगार्ड मात्र आधी काढा.

मग डोळे. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं. म्हणून ब्राइटनेस वाढवा आणि खोलीत दिवा लावा. फॉन्ट मोठा करताना ‘डिस्प्ले साइज’ही वाढवा, नाहीतर अक्षरं मोठी आणि बटणं बारीक राहतात. पण फॉन्ट टोकाला नेऊ नका. काही ॲपमध्ये अक्षरं इतकी फुगतात की ‘पुढे’ हे बटण स्क्रीनच्या बाहेर जातं आणि माणूस तिथेच अडकतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलत असतील तर फोनच्या निमित्ताने तो विषय काढा. डिमेन्शियावरच्या लॅन्सेट आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली. त्यात उपचार न केलेली कमी दृष्टी, कमी ऐकू येणं आणि माणसांपासून तुटलेपण ही तिन्ही आहेत.

वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, म्हणजे स, श, फ अशी व्यंजनं. आवाज येतो पण शब्द कळत नाही, आणि त्यामुळे घरचे अधिक जोरात ओरडतात. त्याचा उपयोग नाही. व्हिडिओ कॉल इथे खरंच कामाला येतो, कारण ओठ दिसतात. त्यासाठी बोलणाऱ्याने खिडकीकडे पाठ करून बसू नये. चेहरा काळा पडतो. कानाचं मशीन असेल तर ते ब्लूटूथने फोनला जोडता येतं का, हे मशीन देणाऱ्याला विचारा. आणि ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ हे गूगलचं ॲप टाकून द्या. समोरचा मराठीत बोलतो आणि शब्द स्क्रीनवर उमटतात. डॉक्टरांच्या खोलीत त्याचा फार आधार होतो, विशेषतः डॉक्टर मास्क लावून भराभर बोलत असतील तेव्हा.

टायपिंग शिकवत बसू नका. कीबोर्डवरचा माइक दाखवा, भाषा मराठी करा. बोललेलं लिहून येतं हे पाहिल्यावर होणारा आनंद बघण्यासारखा असतो. व्हॉइस मेसेज तर त्याहून सोपा.

तिसरी पायरी: शिकवण्याची रीत

फोन त्यांच्या हातातून घेऊ नका. ‘दे इकडे, मी करून देतो’ हे वाक्य शिकवणाऱ्याने आपल्या तोंडातून कायमचं हद्दपार करावं. तुमचं बोट स्क्रीनपासून चार इंच लांब राहू द्या. हवेतून दाखवा, दाबायचं त्यांनी. वेळ लागतो, चिडचिड होते, ती गिळा.

एका बैठकीत एकच काम, आणि ते त्यांच्याकडून पुन्हापुन्हा करून घ्यायचं. तासाभराच्या वर बसू नका. वही हवीच. पायऱ्या त्यांनी स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दांत लिहायच्या. एका काकांच्या वहीत व्हॉट्सॲपच्या कॅमेऱ्याच्या चिन्हाला ‘साबणवडी’ असं नाव आहे. त्यांना कळतंय ना, मग झालं. यूट्यूबवरचे ‘शिका’ व्हिडिओ मी देत नाही, कारण त्यातला फोन वेगळा असतो आणि माणूस गोंधळतो.

मुख्य म्हणजे शिकवून पळून जाऊ नका. अमेरिकेत एकट्या राहणाऱ्या ३०० ज्येष्ठांवर ‘प्रिझम’ नावाचा एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ साली आले. निम्म्यांना त्यांच्यासाठी मुद्दाम सोपी केलेली कॉम्प्युटर व्यवस्था दिली आणि निम्म्यांना तीच माहिती छापून फाइलमध्ये दिली. सहा महिन्यांनी कॉम्प्युटरवाल्यांचा एकटेपणा जास्त कमी झाला होता. वर्षाने मात्र दोन्ही गटांतला फरक विरत गेला. मी यातून घेतलेला धडा असा: नुसत्या यंत्राच्या जोरावर एकटेपणा कायमचा जात नाही, कुणीतरी विचारपूस करत राहावं लागतं. म्हणून ठरावीक वार आणि वेळ बांधा. परदेशातून शिकवत असाल तर रविवारी सकाळी त्यांची वही समोर घेऊन बोला. संघात शिकवत असाल तर ज्यांना जमलं त्यांनाच पुढच्यांना शिकवायला बसवा. सत्तरीच्या माणसाला पंचाहत्तरीच्या मैत्रिणीकडून शिकताना संकोच वाटत नाही, आणि शिकवणारीचा रुबाब वाढतो तो वेगळाच.

चौथी पायरी: व्हॉट्सॲपला लगाम

मुंबईत ज्येष्ठांचा फोन म्हणजे ऐंशी टक्के व्हॉट्सॲप, असं मी अंदाजाने म्हणते. शाळेचा ग्रुप, सोसायटीचा, भजनी मंडळाचा, नात्यातले चार. सकाळी उठल्यावर सूर्य-फुलांचे संदेश. तरुण मंडळी त्यांची टिंगल करतात, मी करत नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाचा ‘शुभ सकाळ’ म्हणजे ‘मी उठलोय, ठीक आहे’ अशी हजेरी असते. आमच्या संघात एका ग्रुपने हे उघडच ठरवलंय: दहा वाजेपर्यंत ज्याचा संदेश आला नाही, त्याला शेजारी राहणाऱ्याने फोन करायचा.

तरी काही कुलपं लावून घ्या. ‘प्रायव्हसी’मध्ये ‘ग्रुप्स’साठी ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा, म्हणजे कुणीही परका शेअर बाजाराच्या ‘टिप’ देणाऱ्या ग्रुपात ओढणार नाही. तिथेच अनोळखी कॉल गप्प करायची सोय आहे, ती सुरू करा. ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ लावा आणि त्याचा आकडा वहीत वेगळ्या पानावर लिहा. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, नाहीतर महिन्याभरात फोन भरतो आणि ‘नवीन फोन घ्यावा लागेल’ अशी चर्चा सुरू होते.

पुढे ढकललेल्या बातम्यांबद्दल व्याख्यान देऊ नका. दोन बाण दाखवा: संदेशावर दुहेरी बाण असेल तर तो अनेक हातांतून आलाय. पावसाळ्यात ‘उद्या मुंबई बुडणार’ असं आलं की हवामान खात्याचा इशारा स्वतः बघायचा, आणि पाणी तुंबलं, झाड पडलं तर महापालिकेच्या १९१६ वर फोन करायचा. हे एकदा करून दाखवलं की पुढे तेच ग्रुपवर इतरांना झापतात.

पाचवी पायरी: पैसे

याला सर्वात जास्त वेळ द्या. माझी अर्धी हयात काउंटरमागे गेली आहे, त्यामुळे इथे मी जरा कडक आहे.

निवृत्तिवेतन आणि ठेवी असलेलं खातं यूपीआयला जोडू नका. दुसरं साधं बचत खातं काढा, त्यात महिन्याच्या भाजी-औषधाइतके पैसे ठेवा, तेच जोडा. भाजीवाल्याकडच्या छोट्या रकमांसाठी ‘यूपीआय लाइट’ बरं. त्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये राहतात आणि १,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता देता येतात. फोन हरवला तरी नुकसान तेवढ्यापुरतंच. ‘यूपीआय सर्कल’मध्ये मुलाच्या खात्यातून आईला खर्च करता येतो, मर्यादा घालता येते, हवं तर प्रत्येक वेळी मुलाची मंजुरी घेता येते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्यांना ते सोयीचं आहे. पण स्वतःचं निवृत्तिवेतन असलेल्या बाईला प्रत्येक नारळासाठी मुलाची परवानगी लागावी हे मला पटत नाही.

यूपीआयचा एकच नियम पाठ करून घ्या: पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पैसे देतो म्हणणाऱ्याने पिन टाकायला सांगितलं म्हणजे पैसे चाललेत.

आता फसवणूक. सध्याचा सगळ्यात क्रूर प्रकार म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’. फोन येतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले किंवा तुमच्या आधारवर काळा पैसा फिरला. मग व्हिडिओ कॉल, गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. कॉल बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही, बँकेत जाऊन ठेव मोडायची. तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस. ही गोष्ट पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्येही सांगितली होती, कारण तोवर ती घरोघरी पोहोचली होती. कायद्यात डिजिटल अटक नावाचं काहीही नाही. पोलीस, सीबीआय, न्यायालय, कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही.

नुसतं सांगून हे उतरत नाही, तालीम घ्यावी लागते. मी वर्गात खोटा फोन लावते: ‘मी अंधेरीहून इन्स्पेक्टर बोलतोय, कॅमेरा चालू करा.’ समोरच्याने फोन ठेवायचा. बास. पहिल्यांदा ऐकताना हसणारी माणसं स्वतःची पाळी आल्यावर गांगरतात, ‘अहो साहेब, पण मी तर…’ असं समजवायला लागतात. जन्मभर सरकारी कागदाला मान देत आलेल्या पिढीला अधिकाऱ्याचा फोन तोडणं म्हणजे उद्धटपणा वाटतो. तो उद्धटपणा सरावानेच येतो. घरात करून बघा. त्याच वेळी घरातल्यांपुरता एक परवलीचा शब्द ठरवा. ‘आई, माझा अपघात झालाय, पैसे पाठव’ असा नातेवाइकाच्या हुबेहूब आवाजातला फोन आला तर आधी तो शब्द विचारायचा.

आणखी दोन सापळे. ‘आज रात्री वीज तोडणार’ किंवा ‘वाहनाचा दंड थकलाय’ असा संदेश आणि त्यासोबत फाइल, कधी लग्नाची पत्रिका म्हणून. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ (.apk, म्हणजे फोनमध्ये परस्पर ॲप बसवणारी फाइल) असेल तर उघडायची नाही. आणि ‘मी तुम्हाला मदत करतो, हे ॲप टाका’ असं म्हणून एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावणारा माणूस तुमची स्क्रीन बघत असतो.

फसलंच तर १९३० वर लगेच फोन, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, आणि बँकेला कळवणं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात. पहिल्या काही तासांत कळवलं तर मधेच गोठवता येण्याची शक्यता राहते. गोची अशी की माणसं कळवत नाहीत. चोरापेक्षा मुलांची भीती जास्त असते: ‘आता फोन काढून घेतील, बँकेत जाऊ देणार नाहीत.’ म्हणून आजच, काहीही घडायच्या आत, मुलांनी आईबाबांना सांगून ठेवावं की पैसे गेले तरी आधी आम्हाला फोन कर, ओरडणार नाही, फोन काढून घेणार नाही. आणि मग खरंच ओरडू नये.

सहावी पायरी: सरकारी कामं

हयातीचा दाखला दरवर्षी नोव्हेंबरमध्ये लागतो. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरच्या निवृत्तिवेतनधारकांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनवाल्यांनी वर्षात कधीही दिला तरी चालतो, तो वर्षभर टिकतो. हा दाखला ऑनलाइन देण्याची सोय, ‘जीवन प्रमाण’, २०१४ साली सुरू झाली तेव्हा अंगठा लागायचा, आणि झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नसत. २०२१ पासून चेहरा दाखवून काम होतं. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप, आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक, खाते क्रमांक आणि चेहऱ्यावर समोरून उजेड, एवढं पुरतं. ज्येष्ठांचा स्वतःचा स्मार्टफोन लागत नाही. शेजारच्या मुलीच्या फोनवरही होतं. शेवटी येणारा ‘प्रमाण आयडी’ वहीत लिहा. उठता येत नसेल तर पोस्टमन घरी येऊन काम करतो.

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळतं. वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांचं संरक्षण. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही योजना सुरू झाली. आयुष्मान ॲपवर आधारने होतं. आजारी पडायच्या आधी काढून ठेवा, ॲडमिट करताना धावपळ करू नका.

आणि हेही सांगा, की सत्तरीच्या पुढच्या ग्राहकांना घरपोच बँकसेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच बँकांना सांगितलंय. काउंटरवर ‘ॲपवरच करा’ असं उत्तर मिळालं तर शाखा व्यवस्थापकाकडे जा आणि लेखी मागा.

सातवी पायरी: फोनने घराबाहेर काढावं

इथे माझं मत बऱ्याच मुलांना आवडत नाही. दहा मिनिटांत भाजी घरी आणणारी ॲप आईच्या फोनमध्ये टाकू नका, जोवर तिला बाजारात जाता येतंय. तेवढं चालणं, ‘मेथी कशी दिली?’ची घासाघीस, वाटेत भेटणाऱ्या दोघी, हाच तिचा दिवसाचा व्यायाम आणि समाज असतो. गुडघ्याने दगा दिला किंवा धो धो पाऊस असला तर गोष्ट वेगळी.

त्याऐवजी बाहेर जाण्याची भीती कमी करणारी ॲप टाका. एम-इंडिकेटरवर लोकलचं वेळापत्रक आणि रविवारचा मेगाब्लॉक बघायला शिकवा. ‘चलो’वर बेस्टची बस कुठवर आली ते दिसतं, त्यामुळे स्टॉपवर उन्हात उभं राहावं लागत नाही. ‘रेलवन’वर तिकीट निघतं, खिडकीच्या रांगेतली पायपीट वाचते. आरे ते कफ परेड मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तिच्यात लिफ्ट आहेत, म्हणून जिने टाळणाऱ्यांना ती लोकलपेक्षा सोयीची. पहिल्या खेपेला तुम्ही बरोबर जा, पण तिकीट त्यांनी काढायचं आणि रस्ता त्यांनी दाखवायचा. शिवाजी मंदिर, दीनानाथ किंवा कालिदासला नाटक ठेवा म्हणजे शिकण्याला निमित्त मिळतं.

नव्या टॉवरमध्ये गेटवरचं ॲप असतं. येणाऱ्याला आत सोडायचं का, हे फोनवर विचारतात. बहुतेक घरांत तो अधिकार मुलाच्या फोनवर असतो, आणि मुलगा मीटिंगमध्ये असला की आईची मैत्रीण वॉचमनसमोर ताटकळते. सोसायटीला सांगून आईचा नंबर त्यात घाला. नसेल जमत तर इंटरकॉम सुरू ठेवायला लावा. हॉलमध्ये कॅमेरा बसवायचा असेल तर तिला विचारून, ती कुठे म्हणेल तिथे, आणि कोण कोण बघणार हे सांगून. लेकीला दिवसभर आई दिसते म्हणून ती फोन करायची थांबते, हे मी पाहिलंय.

आठवी पायरी: रात्र

तरुणांना सांगतात, झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना तसं सांगू नका. रात्री बाथरूमला जाताना पडलं तर फोन हाताशी हवा. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा आणि घरच्यांचे नंबर त्यातून वगळा, म्हणजे ग्रुप गप्प राहतील आणि लेकीचा फोन वाजेल. पॉवरचं बटण पाच वेळा दाबलं की मदतीचा कॉल लागतो, ती सोय बऱ्याच फोनमध्ये आहे. ती चालू करून कुणाला फोन जाईल ते ठरवा. लॉक स्क्रीनवर रक्तगट, औषधं आणि एक नंबर दिसेल असं भरा.

रील्सचं व्यसन फक्त नातवंडांना लागतं हा गैरसमज आहे. रात्री दोनपर्यंत आजोबा बघत असतील तर आधी विचारा की झोप आधी गेली की फोन आधी आला. बऱ्याचदा झोप आधी गेलेली असते, कधी जोडीदार गेल्यापासून. मग फोन हिसकावून काय होणार? बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलता येतं.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. दोन वर्षं सहज जमणारं काम अचानक जमेनासं झालं, एकच बिल दोनदा भरलं, रोजचा पिन वारंवार चुकतोय, तर फोनला दोष न देता डॉक्टरांना दाखवा.

नको म्हणाले तर

म्हणू देत. स्मार्टफोन न वापरणं हा काही आजार नाही. बटणाचा फोन, मोठे आकडे, १ दाबला की लेक, २ दाबला की शेजारी. त्याच फोनवर ‘यूपीआय १२३पे’ने पैसेही देता येतात, २०२२ पासून. पासबुक भरून आणायला बँकेत जाऊ द्या. फोनशेजारी भिंतीवर ठळक अक्षरात एक कागद चिकटवा: आपत्कालीन ११२, रुग्णवाहिका १०८, ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७, सायबर फसवणूक १९३०, आणि या सगळ्यांच्या वर शेजारच्या घरातल्या माणसाचा नंबर. सहा महिन्यांनी एकदा परत विचारा. तोवर भजनी मंडळातल्या कुणीतरी स्वतःच्या फोनवर काहीतरी दाखवलेलं असतं आणि ‘जरा मलाही ते शिकव’ असं ऐकू येतं. नाही आलं तर कागदावरचे नंबर बरोबर आहेत ना, तेवढं तपासा.